सातबाऱ्यावरची नावे आणि फ्रांकफुर्टचा कायदा

रत्नागिरी

प्रिय विद्यार्थ्यास अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा पाहिला. वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते व मोकळ्या जागांसाठी प्रत्येकाचा थोडा हिस्सा घ्यायचा आणि उरलेली जमीन नीट आकाराचे भूखंड करून मूळ मालकांना परत द्यायची, ही तुझी कल्पना मला मनापासून पटली, कारण तीत कोणी गावाबाहेर फेकला जात नाही.

तिचे मूळ जर्मनीत आहे. महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या पुढाकाराने १९०२ साली फ्रांकफुर्टपुरता असा कायदा झाला आणि १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने तीच रीत आपल्याकडे आणली. जपानने तिला शेतजमिनींच्या पुनर्रचनेच्या स्वतःच्या अनुभवाची जोड दिली आणि १९२३ च्या भूकंपानंतर तोक्यो उभारताना ती वापरली. गुजरातने ती नेटाने चालवली. आपल्या महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही नगररचना योजनेची, म्हणजे याच रीतीची, तरतूद आहे, पण आपण तिचा वापर फार कमी केला, याची मला खंत वाटते.

आता कोकणाकडे ये. तुझ्या नकाशात एका भूखंडाला एक मालक आहे. इथे सातबारा सामाईक असतो, त्यावर कधी आजोबांच्या भावंडांपासूनची नावे असतात आणि निम्मे वारस मुंबईत असतात. शिवाय जमिनीचे मोल क्षेत्रफळात मावत नाही: आंब्याच्या कलमांचा उतार आणि उघडा कातळ सारख्या गुंठ्यांचे असले तरी बदलून घ्यायला कोण तयार होईल? म्हणून मूल्यांकनात कलमे, विहीर आणि गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, वेगळे धर.

पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, मात्र जागचा हलवू नकोस. तरुणपणी मी एक पऱ्या रस्त्याखालच्या नळात घातला होता आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी लोकांच्या माजघरात शिरले. त्या घरांतल्या माणसांसमोर उभे राहणे मला अजून आठवते. १९१४ साली भारतात आलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आधी गल्लीबोळ पायी हिंडत आणि मग आखणी करत. तूही मिरगानंतर भर पावसात पाणंदीपाणंदीने फीर.

आराखड्यावरची सुनावणी मे महिन्यातल्या एखाद्या सोयीच्या तारखेला उरकू नकोस. ती शिमग्यात ठेव, चाकरमानी तेव्हा गावात असतात. नकाशा देवळाच्या सभामंडपात लाव, आणि प्रत्येक भूखंडावर सर्व सहहिस्सेदारांची नावे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिही.

तुझा,
जुना शिक्षक