वाचक विचारतात : गुहेतला कंदील, पिंजरा आणि चकवा

प्रश्न : 'कलोसल केव्ह ॲडव्हेंचर' हा नुसत्या अक्षरांवर चालणारा जुना खेळ लिनक्सवर खेळतो आहे. निम्मा खजिनाही हाती लागत नाही, तोच कंदील विझतो. बॅटऱ्या कुठे मिळतात?

उत्तर : मिळतात, पण महागात पडतात. त्यांचं विक्रीयंत्र 'वेगवेगळ्या' वाटांच्या चकव्यात, म्हणजे भूलभुलैयात आहे आणि त्यात दुर्मीळ नाणी टाकावी लागतात. ती नाणी म्हणजे खजिनाच, त्यामुळे ती गुहेबाहेरच्या झऱ्याच्या घरी नेऊन मिळणारे गुण बुडतात. त्यापेक्षा सुरुवातीलाच लक्ष द्या. 'सूचना हव्यात का?' या प्रश्नाला 'नो' म्हटलंत, तर कंदील ३३० चाली जळतो. 'यस' म्हटलंत, तर १०००. त्यापायी ३५० पैकी ५ गुण कापले जातात. नवख्याने ते खुशाल जाऊ द्यावेत.

चाली मोजल्या जातात त्या कंदील पेटलेला असतानाच. झऱ्याच्या घरात आणि बाहेर रानात उजेड आहे, तिथे तो विझवा. येण्याजाण्यातही चाली फार जातात. 'वाय-२' खोलीत 'पी-एल-यू-जी-एच' टाइप केलं की एका चालीत घरी, घरातून तोच शब्द टाकला की परत खाली. ३० चाली उरल्या की खेळ इशारा देतो. यंत्र शोधायला निघायची ती वेळ नव्हे.

प्रश्न : पिंजरा जवळ आहे, तरी पक्षी बुजतो. काय चुकतं?

उत्तर : तुमच्याकडे टोकाला गंजकी चांदणी असलेली काळी काठी असणार. तिलाच तो बिचकतो. खेळ हे कुठेही सांगत नाही, म्हणून आमच्या मते हे कोडं जरा अन्यायाचंच. 'ड्रॉप रॉड', मग 'टेक बर्ड', मग 'टेक रॉड'. पिंजऱ्यात आल्यावर काठीचा त्याला त्रास नाही. काठी टाकून जाऊ नका, पुढे दरीवर पूल आणायला तीच हलवायची आहे. पक्षी सोडायचा तो पर्वतराजाच्या दालनात, सापासमोर. ड्रॅगनवर सोडलात तर जळून खाक होईल. त्याच्यासाठी 'किल ड्रॅगन' पुरे, 'नुसत्या हातांनी?' असं खेळ विचारेल, 'यस' म्हणा.

प्रश्न : 'सगळ्या सारख्याच' वाटांच्या चकव्याचा नकाशा जमत नाही.

उत्तर : प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाका आणि कागदावर खोलीला तिचंच नाव द्या. एका वेळी सातच वस्तू नेता येतात. खजिना खुणेसाठी वापरू नका, गुहेतला चाचा (लुटारू) उचलून नेतो. उत्तरेला गेलात म्हणून दक्षिणेने परत याल असं धरू नका. दहाही दिशा तपासा. आणि ईशान्येला 'एनई'च लिहा. खेळ शब्दाची पहिली पाचच अक्षरं वाचतो, पूर्ण 'नॉर्थईस्ट' लिहिलंत तर तुम्ही उत्तरेला जाता आणि नकाशा तिथेच बिघडतो.

'वेगवेगळ्या' चकव्यात वस्तू टाकायची गरज नाही. तिथे खोल्यांची वर्णनं तेच शब्द उलटसुलट करून लिहिलेली आहेत. 'ट्विस्टी' आधी की 'लिटल' आधी, एवढं टिपून घ्या.