नकाशा काढण्याआधी ऊन आणि वारा बघा

पुण्यातल्या प्लॉटवर पर्यावरणपूरक घर बांधायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. सोलर पॅनेल, ग्रीन रेटिंग (इमारत किती पर्यावरणपूरक आहे याचं मानांकन) हे सगळं नंतर. सुरुवात पश्चिमेपासून करा. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याला जुमानत नाही. त्या बाजूला जिना, बाथरूम, कपाटं टाका, बेडरूम नकोच. दक्षिणेच्या खिडकीला मात्र दोन फुटी छज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- खोलीला एकाच भिंतीत खिडकी. वारा आत शिरला तरी बाहेर जायला वाट हवी. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, बिजागरीची घ्या.
- दर्शनी भागाला काचेची भिंत, मग दिवसभर एसी.
- गच्चीवर पांढरा चायना मोझेक (ऊन परतवणारी, टाइलच्या तुकड्यांची फरशी), पण खाली वॉटरप्रूफिंग आणि उतार कच्चा. पावसाळ्यात ओल, मग बुरशी.

रंग कमी व्हीओसीचा (रंगातून हवेत उडणारी त्रासदायक रसायनं) मागा.