डार्ट बेडकांच्या टेरॅरियममध्ये कोणती झाडं लावावीत आणि मांडणी कशी असावी?

तुम्ही लिहिलंय की 45×45×60 सेंटिमीटरची उभी काचपेटी घेतली आहे, त्यात दोन निळे 'अझुरिअस' बेडूक (छोट्या, भडक रंगाच्या डार्ट बेडकांचा एक प्रकार) येणार आहेत आणि झाडांची यादी हवी आहे. यादी देतो, पण आधी पाचोळ्याचं बोलू.

हे बेडूक मूळचे दक्षिण सुरिनाममधल्या सिपालिविनी सवानातले. तिथे माळाच्या मधोमध रानाचे सुटे तुकडे आहेत, त्यांत ओढ्याच्या आसपास ते राहतात. दिवसभर जमिनीवर पाचोळ्यात भक्ष्य शोधत हिंडतात. त्यामुळे त्यांना उंचीपेक्षा तळ जास्त लागतो. पेटी बदलून मिळत असेल तर जास्त रुंद तळाची घ्या. 'इमिटेटर'सारखे चिमुकले, वर चढणारे बेडूक असते तर तुमची उभी पेटीच चांगली होती.

तळाशी चार-पाच सेंटिमीटर भाजक्या मातीच्या हलक्या गोळ्या, वर जाळी. त्यावर ऑर्किडची साल, कोळशाचे तुकडे, काथ्या आणि स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) यांचं मिश्रण, मागे उंच आणि पुढे उतरतं. कुंडीतली माती नको, तिचा चिखल होतो. सगळ्यात वर ओकचा पाचोळा चांगला दोन बोटं जाड. आपल्या देशी बदामाची वाळकी पानंही छान चालतात, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. त्यात स्प्रिंगटेल, म्हणजे ओल्या पाचोळ्यात राहणारे अगदी बारीक जीव, सोडा. ते बुरशी खातात आणि बेडूक त्यांना.

आता झाडं. निओरेगेलिया जातीचं ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातलं झाड) मातीत खोचू नका. माझं पहिलं असंच बुडातून कुजलं. कॉर्कच्या सालीला बांधून भिंतीवर लावा. मागच्या भिंतीवर छोट्या पानांचा फिलोडेन्ड्रॉन, कडेला पेपरोमिया आणि पायलिया. फायकस प्युमिला दिसतो देखणा, पण हळूहळू सगळी पेटी व्यापतो. मनी प्लांटच्या रुंद पानांवर बेडूक बसतात, छाटत राहणार असाल तर जरूर लावा. पुढची निम्मी जमीन मात्र मोकळी ठेवा, तिथे फक्त पाचोळा.

नर्सरीतल्या रोपांबद्दल कळकळीने सांगतो. बेडूक कातडीतून पाणी शोषतो, आणि पानांच्या आत मुरलेलं कीटकनाशक धुऊन जात नाही. शक्यतो टेरॅरियमसाठी वाढवलेली रोपं किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडच्या फांद्या घ्या. मुळांची माती आणि खताचे दाणे धुऊन काढा, मग महिनाभर वेगळं ठेवा.

लपायला आणि अंडी घालायला करवंटी. मी इथे रॉटरडॅममध्ये गणपतीत मोदकांसाठी फोडलेल्या नारळांच्या करवंट्या जपून ठेवतो. खोबरं खरवडून, उकळून, कडेला दार कापून काचेच्या बशीवर पालथी घाला.

तापमान 22 ते 26 अंश. दिव्याने पेटी तापते का, ते बेडूक येण्याआधीच बघा. लावणी झाल्यावर निदान सहा आठवडे झाडांना मुळं धरू द्या. विकणाऱ्याला आजच कळवा आणि बेडकांची तारीख पुढे घ्या.