उंचावर पाय लटपटतात, पोरांसमोर लाज वाटते

अगं बाळा, तू लिहिलंयस की शाळेच्या कॅम्पमध्ये दोरीच्या कोर्सवर, म्हणजे उंच खांबांमधल्या दोऱ्या-तारांवरून चालायच्या खेळात, पहिल्याच प्लॅटफॉर्मवर पाय लटपटायला लागले, खांब सोडवेना, शेवटी ट्रेनरनी उतरवलं, सहावीची पोरं हसली आणि आता दिवाळीनंतर परत तोच कॅम्प आहे. यात लाज कसली गं? जमिनीवर आपले डोळे जवळच्या भिंती, खांब बघून तोल धरतात, उंचावर जवळ काहीच नसतं म्हणून अंग खरंच जास्त डुलतं. वर गेलीस की नजर समोरच्या खांबावर ठेव.

पण मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. भीती ऐन टोकाला असताना तू उतरलीस, हुश्श झालं, आणि अंगानं पक्कं धरलं की उतरले म्हणून वाचले. म्हणून उंची इतकी कमी घे की तिथं थांबता येईल, धडधड ओसरेपर्यंत हलू नको, श्वास लांब सोडत राहा, आणि मगच उतर. आधी घरची गच्ची, कठड्यापासून लांब, मग हळूहळू जवळ. तिथं कंटाळा यायला लागला की स्टेशनचा पादचारी पूल. मग एखाद्या रविवारी कुणाला तरी घेऊन नळदुर्गच्या किल्ल्यावर जा, तिथल्या उंच उपळी बुरुजाच्या अर्ध्या पायऱ्यांवर थांबलीस तरी चालेल. विजापूरच्या गोल घुमटाची गॅलरी मात्र सगळ्यात शेवटी, तिथून खाली बघताना भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो.

कॅम्पला हार्नेस, म्हणजे दोरीला अडकवायचे कंबरेचे-मांड्यांचे पट्टे, घातलास की आधी जमिनीपासून फूटभरावरच त्यात पूर्ण वजन टाकून बस. दोरी आपल्याला धरते हे ऐकून पटत नाही, बसल्यावरच पटतं. बऱ्याच ठिकाणी दोन हुक असतात, तार बदलताना एक काढला तरी दुसरा अडकलेलाच असतो, ते ट्रेनरला तुझ्यासमोर करून दाखवायला सांग.

सपाट जमिनीवरही गरगरत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखव. आणि कॅम्पच्या विचारानं झोप उडाली असेल, घरात बसूनही जीव घाबरा होत असेल तर १४४१६ ला फोन लाव, टेलि-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

पोरांना सरळ सांग, मला भीती वाटते, मी आज पहिल्या प्लॅटफॉर्मपर्यंतच जाणार. त्यांच्यातही कुणीतरी गप्प राहून घाबरलेलं असेल, त्याला केवढा आधार होईल! आणि हेडसरांना आत्ताच सांगून ठेव की वर जायचं की नाही, ते तू तिथं गेल्यावर ठरवणार.