गुहागरला आमचा होमस्टे आहे. एक एजन्सी ५,००० रुपयांत १,००० बॅकलिंक्स (दुसऱ्या साइट्सवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक्स) देते म्हणतेय. घ्याव्यात का? आधीच्या डेव्हलपरनेही अशा लिंक्स घेतल्या होत्या, त्यांचं काय करायचं?

नका घेऊ. पैसे वाया गेले तर त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. गूगलने साइटवर कारवाई केली, तर ती निस्तरायला ही एजन्सी फोनसुद्धा उचलणार नाही.

तुम्ही लिहिलंय की साइट नीटनेटकी आहे, फोटो चांगले आहेत, तरी 'गुहागर होमस्टे' शोधलं की ती तिसऱ्या पानावर दिसते. 'लिंक्स कमी आहेत' हे एजन्सीचं निदान बरोबर असू शकेल. उपाय मात्र साफ चुकीचा आहे.

लिंकला किंमत कुठून आली ते आधी बघा. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन स्टॅनफर्डला शिकत असताना त्यांनी १९९८ साली पेजरँकची पद्धत मांडली. एखाद्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात, आणि त्या बोट दाखवणाऱ्या पानांना स्वतःला किती वजन आहे, यावरून त्या पानाचं महत्त्व ठरवायचं. शोधनिबंधाला किती जणांनी संदर्भ म्हणून घेतलं हे विद्यापीठात बघतात, तसंच. हे कळल्याबरोबर लिंक्स विकण्याचा धंदा सुरू झाला. २०११ साली न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानासाठी पेरलेल्या हजारो लिंक्स उघडकीला आणल्या. कपड्यांशी काडीचा संबंध नसलेल्या साइट्सवर त्या होत्या. गूगलने जेसी पेनीला शोधात धाडकन खाली आणलं. एप्रिल २०१२ मध्ये अशा लिंक्स ओळखणारं गूगलचं 'पेंग्विन' हे तंत्र आलं आणि २०१६ पासून ते गूगलच्या मुख्य यंत्रणेतच सामील झालं. आता अशा बहुतेक लिंक्स सरळ शून्य धरल्या जातात. तुमचे ५,००० रुपये त्या शून्यासाठी जाणार.

मी साइट्स बनवण्याचं आणि सांभाळण्याचं काम करतो, त्यामुळे या एजन्सी देतात त्या एक्सेल शीट नेहमी समोर येतात. त्यातली एखादी लिंक उघडून बघा. कुठल्या तरी परदेशी, बेवारस ब्लॉगवरची जुनी पोस्ट निघते. खाली शेकडो कमेंट्स: कॅसिनो, झटपट कर्ज, वजन कमी करण्याच्या गोळ्या, आणि त्यांच्यामध्ये 'बेस्ट होमस्टे इन कोकण'. शेजारच्या रकान्यात 'डीए ५५' असं मोठ्या दिमाखात लिहिलेलं असतं. हा डीए, म्हणजे 'डोमेन ऑथॉरिटी', मॉझ नावाच्या कंपनीचा स्वतःचा आकडा आहे. गूगल तो क्रमवारीसाठी वापरत नाही. त्या आकड्यावर किंमत सांगणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

आता लिंक मिळवायची कशी. तुमच्या खोल्यांच्या पानाला कोणी आपणहून लिंक देणार नाही, कारण तसं करण्याचं त्याला काही कारण नाही. लोकांना दुसऱ्याला पाठवावंसं वाटेल असं पान तुमच्याकडे हवं. आणि गुहागरला राहून असं पान लिहिणं तुम्हाला जितकं सोपं आहे, तितकं पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही एजन्सीला नाही.

गुहागरचा व्याडेश्वर हा कित्येक चित्पावन घराण्यांचं कुलदैवत. लग्न-मुंजीनंतर लोक दर्शनाला येतात, परदेशात वाढलेल्या मुलांना घेऊन येतात. यातल्या बऱ्याच घराण्यांची कुलमंडळं आहेत, त्यांचे कुलवृत्तांत निघतात, काहींच्या साइट्सही आहेत. त्यांना हवी असलेली माहिती एका पानावर लिहा: अभिषेक कधी होतो, गुरुजींशी आधी कसं बोलायचं, गुडघे दुखणाऱ्या आजीला गाडीतून कुठे उतरवायचं, त्याच दिवशी हेदवीचा दशभुजा गणेश आणि वेळणेश्वर होईल का. मग कुलमंडळाच्या कार्यवाहांना असं काहीतरी लिहा:

'नमस्कार. आम्ही गुहागरचे रहिवासी. व्याडेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांसाठी पूजेच्या वेळा, रस्ता आणि ज्येष्ठांच्या सोयी यांची माहिती एका पानावर दिली आहे. आपल्या सभासदांना उपयोगी वाटल्यास कुलदैवताच्या माहितीत तिची लिंक द्यावी, ही विनंती. काही चुकलं असल्यास कळवा, लगेच दुरुस्त करू.'

यात खोल्यांचा, दरांचा उल्लेख नाही हे बघितलंत ना? तो करूच नका. अशा एका कुलमंडळाची लिंक माझ्या मते त्या हजारांपेक्षा मोलाची, कारण तिच्यावरून खरी माणसं येतात आणि ती नेमकी गुहागरलाच येणारी असतात.

दुसरं पान फेरीबोटींचं. दापोलीकडून येणारा दाभोळ-धोपावे फेरीने उतरतो, गणपतीपुळ्याकडून येणारा जयगड-तवसाळने. मुंबई-गोवा सागरी मार्गाने सायकल किंवा बाइकवर जाणारे याच बोटींच्या भरवशावर बेत आखतात आणि परतल्यावर मार्गाचं सविस्तर टिपण लिहितात. त्यांना फेरीच्या वेळांसाठी विश्वासाचं पान हवं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं वेळापत्रक कधीचं आहे ते कोणालाच माहीत नसतं. तुम्ही महिन्यातून एकदा जेटीवर विचारून वेळा तपासा, पानावर वर ठळक तारीख टाका, चिपळूण-गुहागर एसटीच्या वेळाही द्या. अंजनवेलच्या गोपाळगडाबद्दल गडप्रेमींसाठी असंच एक पान होईल. हे सगळं मराठीत लिहा. ताजी, तपासलेली स्थानिक माहिती मराठीत फार थोडी आहे, आणि ती असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

या पानांवरून तुमच्या खोल्यांच्या पानाकडे तुमचीच एक लिंक न विसरता द्या. बाहेरून आलेलं वजन त्या वाटेने आत झिरपतं. अनेकजणांकडून नेमकं हेच राहून जातं.

लिंक देणाऱ्याला 'बेस्ट होमस्टे इन गुहागर' असे शब्द वापरायला सांगू नका. तो त्याच्या भाषेत लिहील तेच चांगलं, सगळीकडे तेच शब्द आले की पेरलेलं कळतं. ब्लॉगरला फुकट राहायला बोलावून लिंक घेतलीत तर गूगलच्या लेखी तो मोबदलाच. मग त्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' खूण (ही लिंक क्रमवारीसाठी धरू नका, असं गूगलला सांगणारी) लावायला सांगा. विकिपीडियावर गुहागरच्या लेखात आपली लिंक घुसवण्यातही अर्थ नाही: तिथल्या बाहेरच्या लिंक्सना नोफॉलो असतो, आणि संपादक ती काढतात.

गूगलच्या नकाशावरची नोंद विसरू नका. तिथली क्रमवारी शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरते, आणि होमस्टे शोधणाऱ्याला बहुतेक वेळा आधी नकाशाच दिसतो. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखा ठेवा, पाहुण्यांना अभिप्राय लिहायला सांगा.

राहिला आधीच्या डेव्हलपरने घेतलेल्या लिंक्सचा प्रश्न. गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनामध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' हे पान, म्हणजे गूगलने साइटवर केलेल्या कारवाईची नोंद, उघडा. तिथे काही नसेल तर त्या लिंक्सना हातही लावू नका. डिसअव्हाव टूल (नको असलेल्या लिंक्स धरू नका, असं गूगलला कळवण्याचं साधन) घाईने वापरून लोक चांगल्या लिंक्सही नाकारून बसतात. तिथे कृत्रिम लिंक्सबद्दल सूचना असेल, तर डेव्हलपरकडून यादी मागवा, काढता येतील त्या काढून घ्या, उरलेल्या डिसअव्हाव करा, आणि काय काय केलं ते स्पष्ट लिहून फेरतपासणीची विनंती पाठवा. उत्तर यायला काही आठवडेही लागू शकतात, तेव्हा सूचना असेल तर हे काम दिवाळीच्या गर्दीआधी उरकून घ्या.