वाचकांचे प्रश्न : छोटा स्कूल डिस्ट्रिक्ट राज्याच्या पुढे की मागे?

प्रश्न : अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावी आम्ही राहायला आलो आहोत. इथल्या पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (परिसरातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) चौथीच्या गणितात गेल्या वर्षी ७२ टक्के मुलं ‘प्रोफिशिअंट’ (राज्याने ठरवलेल्या पातळीला पोहोचलेली) होती, यंदा ५८. राज्याचा आकडा दोन्ही वर्षी ५२. शाळा घसरली का?

आधी टक्क्यांमागची मुलं मोजा. राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवरून रिपोर्ट कार्डची (मुलाचं प्रगतिपुस्तक नव्हे, शाळांच्या निकालांचा अहवाल) डेटा फाइल उतरवून घ्या आणि किती मुलांनी परीक्षा दिली तो रकाना बघा. यंदा २४ पैकी १४ आणि गेल्या वर्षी २५ पैकी १८ असं निघालं, तर सगळी घसरण चार मुलांची आहे. २४ जणांत एक मूल म्हणजे ४.२ टक्के. दोन हुशार मुलं गाव सोडून गेली, एकाने तापात पेपर दिला, की आकडा कोसळतो. राज्याच्या आकड्यामागे हजारो मुलं असतात, त्यामुळे तो जागचा हलत नाही. त्यात राज्याचं कौतुक काही नाही.

हा डळमळीतपणा मोजताही येतो. ०.५८ गुणिले ०.४२, भागिले २४, त्याचं वर्गमूळ : सुमारे ०.१०, म्हणजे १० टक्के. त्याची दुप्पट दोन्ही बाजूंना धरा. डिस्ट्रिक्टचा यंदाचा आकडा ‘३८ ते ७८’ असा वाचायला हवा, आणि राज्याचे ५२ त्याच्या पोटातच आहेत. एका वर्षावरून पुढे की मागे, काहीच ठरत नाही.

म्हणून तीन वर्षं एकत्र करा. पण टक्क्यांची सरासरी काढू नका, मुलांची बेरीज करा. त्याआधीच्या वर्षी २३ पैकी १५ असतील तर एकूण ७२ पैकी ४७, म्हणजे ६५ टक्के, आणि पट्टा साधारण ५४ ते ७६. आता डिस्ट्रिक्ट राज्याच्या पुढे आहे असं म्हणता येईल. नेमका कितीने, ते नाही. २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा होते, तेव्हा एकाच वर्षातल्या सहाही इयत्ता एकत्र करणं हा दुसरा मार्ग. दोन्ही मार्ग एकदम मात्र नकोत : आजची चौथी पुढच्या वर्षी पाचवीत असते, तीच मुलं पुन्हा पुन्हा मोजली जातात आणि पट्टा खोटाच अरुंद दिसतो.

मधल्या काळात राज्याने ‘प्रोफिशिअंट’ची रेषा बदलली नाही ना, तेही बघा. विस्कॉन्सिनने २०२४ मध्ये बदलली. तिथे आधीची वर्षं नंतरच्यांना जोडता येत नाहीत.

प्रश्न : आमचा डिस्ट्रिक्ट एकूण ५६ टक्के, राज्य ६०. पण गरीब घरांतली मुलं आमच्याकडे राज्यापेक्षा चांगली करतात आणि बाकीचीही. हे कसं?

मुलांचं मिश्रण वेगळं आहे. समजा तुमच्याकडे ८० टक्के मुलं गरीब घरांतली आहेत आणि त्यांतली ५० टक्के प्रोफिशिअंट, उरलेल्या २० टक्क्यांतली ८०. एकूण ४० अधिक १६, म्हणजे ५६. राज्यात दोन्ही गट निम्मे-निम्मे, निकाल ४५ आणि ७५ : एकूण ६०. तुमच्या गटांना राज्याचं प्रमाण लावा : निम्मे ५० आणि निम्मे ८०, म्हणजे ६५. तुलना करायची ती ६५ ची ६० शी.

यातला कच्चा दुवा ‘गरीब’ची मोजणी. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांचा आकडा गरिबीचं माप म्हणून वापरतात; त्यावर आंधळा विश्वास नको. ‘कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन’खाली अख्ख्या शाळेला मोफत जेवण मिळतं, पालकांकडून अर्जच घेत नाहीत, आणि काही तक्त्यांत ती सगळी मुलं गरीब म्हणून दिसतात. पडताळ्यासाठी जनगणना खात्याचे ‘सेपी’ (SAIPE) अंदाज वापरा. ५ ते १७ वयाच्या मुलांतल्या गरिबीचा अंदाज ते डिस्ट्रिक्टवार, दरवर्षी देतात.

प्रश्न : काही गटांसमोर आकड्याऐवजी तारका (*) का असते?

गट लहान असला की मूल ओळखू येऊ नये म्हणून आकडा झाकतात. मर्यादा प्रत्येक राज्य ठरवतं, बऱ्याच ठिकाणी ती १० ते ३० च्या दरम्यान असते. एकूणातून वजाबाकी करून आकडा काढायला जाऊ नका. ते साधू नये म्हणूनच बहुधा शेजारचा दुसरा गटही झाकलेला असतो. तारका म्हणजे शून्य नव्हे. गाळलेल्या गटांना शून्य धरून केलेले तक्ते सर्रास फिरतात.

प्रश्न : बारावीला १९ मुलं होती, एकही नापास नाही, तरी ग्रॅज्युएशन रेट (हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण) ९४.७ कसा?

१९ पैकी १८. हा दर बारावीच्या पटावर नव्हे, चार वर्षांपूर्वी नववीत आलेल्या तुकडीवर काढतात. मध्ये आलेले मिळवतात, दुसरीकडे गेलेले वजा करतात. पण दुसऱ्या शाळेत नाव घातल्याचा लेखी पुरावा आला नाही, तर गेलेला विद्यार्थी छेदात तसाच राहतो. ‘जीईडी’ (हायस्कूलशी समकक्ष परीक्षा) देणाराही या दरात हायस्कूल पूर्ण केलेला धरला जात नाही. तेव्हा या दराच्या छेदातले १९ जण सगळे तुमच्या बारावीचेच असतील असं नाही. काउन्सेलरच्या कचेरीत विचारा, एका कागदाचाही प्रश्न असू शकतो.

प्रश्न : दर विद्यार्थी खर्च राज्यापेक्षा जास्त आहे. उधळपट्टी?

सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचा प्रमुख अधिकारी) एकच लागतो. त्याच्यावरचा खर्च दीड लाख डॉलर धरला तर ३०० मुलांत माणशी ५०० डॉलर पडतात, १५,००० मुलांत १०. बसचंही तेच : घरं लांब-लांब, सीट रिकाम्या, डिझेल तेवढंच. म्हणून राज्याच्या सरासरीऐवजी तेवढ्याच पटाचे, तेवढेच विरळ वस्तीचे आठ-दहा डिस्ट्रिक्ट निवडा आणि ‘करंट स्पेंडिंग’चाच (रोजच्या कारभाराचा खर्च) रकाना लावा. एकूण खर्चात इमारतीचं बांधकामही येतं; ज्या वर्षी नवी जिम उभी राहते, त्या वर्षी छोटा डिस्ट्रिक्ट उगाचच श्रीमंत दिसतो.