पट्टीवरचा भाव कुणी ठरवला?

लातूरला बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, औसा तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. पत्रातला मुख्य भाग असा:

"मॅडम, व्यावसायिक पर्यावरण आणि व्यवस्थापनाची तत्त्वं, दोन्ही विषयांत मला चांगले मार्क आहेत. नोट्स तोंडपाठ आहेत. मागच्या महिन्यात संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत इंटर्नशिपची मुलाखत होती. साहेबांनी विचारलं, तुमच्या लातूरचा मुख्य धंदा कोणता आणि सध्या त्याला काय अडचण आहे? मी पेस्टल (धंद्याभोवतीच्या परिस्थितीचे सहा भाग) म्हणजे काय ते सांगायला लागले. ते म्हणाले, ते मला माहीत आहे, लातूरचं सांगा. एक वाक्य सुचलं नाही. आप्पा आडतीवर (शेतमाल विकून देणाऱ्या दलालाच्या पेढीवर) मुनीम आहेत, घरी पाच एकर सोयाबीन आहे, तरी सुचलं नाही. बाहेर येऊन रडले. बीबीए घेऊन चूक केली असं वाटतंय. आप्पा म्हणतात बँकेच्या परीक्षेला बस. मैत्रिणी पुण्याला एमबीएला जायचं म्हणतात. मला इंग्रजीही नीट येत नाही. काय करू?"

प्रिय लेकरा,

रडलीस त्यात काही वाईट नाही. चूक बीबीए घेण्यात झालेली नाही. शिकलेलं सगळं वहीतच राहिलं, आणि त्यात तुझ्यापेक्षा आम्हा शिकवणाऱ्यांचा दोष जास्त आहे. मी स्वतः हा विषय शिकवलाय, म्हणून आधी माझंच सांगते.

२०१७ सालची गोष्ट. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिलाच तास. फळ्यावर पेस्टलचे सहा रकाने आखले: राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, कायदेशीर, नैसर्गिक. मी सांगत होते, पोरं उतरवून घेत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, आमची डाळमिल बंद पडली. ती यातल्या कोणत्या रकान्यात बसते?" मी म्हणाले, आर्थिक. आणि पुढं शिकवत राहिले. त्याचा चेहरा मात्र डोळ्यापुढून जाईना. पुढच्या रविवारी त्याच्यासोबत मिलवर गेले.

तूर वाळवायची मोठी फरशी रिकामी होती. चाळण्यांवर धुरळा बसलेला. मुलाच्या वडिलांनी मला खुर्ची दिली, स्वतः बारदान्याच्या (रिकाम्या पोत्यांच्या) गठ्ठ्यावर बसले आणि खतावणी उघडून एकेक पान दाखवत गेले. २०१५ च्या दिवाळीला तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली होती. सरकारनं साठ्यावर मर्यादा घातली, गोदामांवर धाडी पडल्या. बाहेरून डाळ आणायची म्हणून जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला. इकडं भाव बघून जो तो तूर पेरत गेला, त्या वर्षी पाऊसही चांगला झाला. या माणसानं बँकेच्या सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जावर, चढ्या भावानं तूर भरून ठेवली होती. क्विंटलभर तुरीतून डाळ पडते साधारण ७० किलो, बाकी चुणी आणि टरफल. ती डाळ विकायची वेळ आली तेव्हा नवी तूर बाजारात आली होती आणि भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला होता. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला म्हणून गाड्यांच्या रांगा. निर्यातीवरची बंदी उठली सप्टेंबर २०१७ मध्ये. तोवर व्याजानं मिल बसली होती.

मी त्या खतावणीच्या मागच्या कोऱ्या पानावर माझे सहा रकाने काढले. एका मिलमध्ये सहाही भरले. आणि खरी गोष्ट रकान्यांच्या मधल्या बाणांत होती: भाव चढला म्हणून सरकार हललं, भाव चढला म्हणून शेतकरीही हलला, पाऊस दोघांच्या मधे आला, आणि बँकेचं व्याज कुणासाठी थांबलं नाही. सोमवारी मी फळा पुसून त्या मुलाला पुढं बोलावलं. तो तास त्यानं घेतला. तेव्हापासून मी हा विषय वहीतून शिकवलेला नाही.

आता तुझ्या घरची सोयाबीन घे. आप्पा रोज पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, लिहितात: शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, खाली निव्वळ रक्कम. त्यातला भाव कुठून आला, असं त्यांना कधी विचारलंस का? ते म्हणतील, सौद्यात (मालाच्या लिलावात) निघाला. सौद्यात बोलणाऱ्या खरेदीदारानं तो कुठून आणला?

क्विंटलभर सोयाबीन गाळली की तेल निघतं १८ किलोच्या आसपास. उरलेल्यातली बहुतेक पेंड होते, जिला बाजारात डीओसी म्हणतात, आणि ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे औशाच्या शेतातल्या मालाचं गिऱ्हाईक पोल्ट्रीवाला आहे. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेली होती, आप्पांना चांगलं आठवत असेल. पेंड परवडेना म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी दिल्लीत ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल यायच्या तोंडावर भाव घसरले. त्याच डिसेंबरात शेअर आणि वायदे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले.

पुढची कडी मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती अजून कुठल्या नोट्समध्ये पाहिलेली नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं धोरण आलं. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढलं की मागं प्रथिनांनी भरलेला चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. तो पेंडीपेक्षा स्वस्त पडतो, म्हणून कोंबडीखाद्यात शिरला. पेंडीची मागणी घटली, भाव दबला. तेलाचं गणित याहून वेगळं. आपण खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून आणतो: इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोया. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं, मे २०२५ अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात उभी सोयाबीन पाण्यात गेली, भिजलेला माल बाजारात आला, मॉइश्चर जास्त म्हणून भाव कापला गेला. हमीभाव कागदावर ५,३२८ होता.

त्या साहेबांना यातली दोनच वाक्यं हवी होती. त्यांनी लातूर का विचारलं तेही समजून घे. वाळूजमध्ये खरेदी विभागात बसलेल्या माणसाला रोज हाच प्रश्न असतो: पोलाद महागलं, जीएसटी बदलला, गाडीचा नियम बदलला, तर माझ्या ऑर्डरचं काय होईल? २२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याचा धक्का सुटे भाग करणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरपर्यंत पोचतो. जिला सोयाबीनची साखळी दिसते तिला ही साखळीही दिसेल, एवढंच ते चाचपत होते.

आपल्याकडं लातूर पॅटर्नचं कौतुक आहे, मलाही आहे. तोच पेपर पन्नास वेळा सोडवून पोरं डॉक्टर झाली. पण या विषयात प्रश्न दर हंगामाला बदलतो, म्हणून ती रीत इथं चालत नाही.

व्यवस्थापनाच्या तत्त्वांचंही तेच. फेयॉलची १४ तत्त्वं तुला पाठ आहेत. हा फेयॉल फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीवरचा इंजिनिअर. एकदा खाणीतल्या घोड्याचा पाय मोडला. मॅनेजर जागेवर नव्हता, त्याच्या हुकमाशिवाय तबेलेवाला दुसरा घोडा देईना, काम थांबलं. फेयॉलनं ते टिपून ठेवलं. पुढं १८८८ पासून ३० वर्षं त्यानं कंपनी चालवली आणि १९१६ मध्ये ती तत्त्वं छापली. सुरुवात त्या टिपणांतून झाली होती.

तू आडतीवर जाऊन बघ. हमालांच्या टोळीला मुकादम सांगतो, आडत्या सांगतो, खरेदीदार ओरडतो तो वेगळाच. आदेशाची एकवाक्यता (एका माणसाला एकाच वरिष्ठाचा हुकूम) तिथं मोडते का, आणि मोडूनही काम कसं चालतं? त्यांची मजुरी कोण ठरवतं? हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा आहे, त्याबद्दल हमालांनाच विचार, ते तुझ्या प्राध्यापकांपेक्षा नेमकं सांगतील. पेरणीच्या आधी शेतकरी आडत्याकडून उचल नेतो आणि दिवाळीच्या सुमाराला माल घालून फेडतो. मधल्या चार-पाच महिन्यांत आडत्या पैसा कुठून आणतो? पुस्तकात याला खेळतं भांडवल म्हणतात. आणि एक साधा प्रश्न: आप्पा रजेवर असले की पट्ट्या कोण करतं? कुणीच करत नसेल, तर फेयॉलचा घोडा तुझ्या घरी आहे.

तेव्हा एक दोनशे पानी वही कर. आठवड्यातून एक दिवस सौद्याला जा. त्या दिवशीची आवक, सर्वात वरचा आणि सर्वात खालचा भाव, आणि भाव का हलला याबद्दल तीन माणसांनी सांगितलेली तीन कारणं लिही: एक शेतकरी, एक आडत्या, एक खरेदीदार. कारणं जुळणार नाहीत. जिथं जुळत नाहीत तिथं थांब आणि घरी येऊन कोण बरोबर होतं ते शोध. 'ॲग्रोवन' या शेतीच्या दैनिकाचं बाजारपान रोज वाच. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत एवढं केलंस तर पुढच्या मुलाखतीला ती वहीच घेऊन जा, टेबलावर ठेव.

इंग्रजीची फार धास्ती घेऊ नकोस. आधी मराठीत नीट कळू दे. कळलेली गोष्ट सांगायला सहा महिन्यांत पुरेल एवढं इंग्रजी येतं. न कळलेली गोष्ट अस्खलित इंग्रजीत सांगणारी पोरंही मी मुलाखतीत गप्प झालेली बघितली आहेत.

आता आप्पांचं म्हणणं. ते चुकीचं बोलत नाहीत. हंगामावर घर चालवणाऱ्या माणसाला पोरीचा पगार दर महिन्याला यावा असं वाटणारच. त्यांना एवढं सांग की बँकेच्या पीओ (अधिकारी पदाच्या) परीक्षेला कोणतीही पदवी चालते आणि वयाची अट ३० वर्षांपर्यंत आहे. ती वाट बंद होत नाही. बीबीए पूर्ण करून, दोन वर्षं काम करूनही तिकडं जाता येतं. पण बीबीए अर्धवट सोडून आता क्लास लावायला माझी साफ ना आहे.

पुण्याच्या एमबीएची घाई करू नकोस. शेवटच्या वर्षी सीईटी जरूर दे, अंदाज येतो. मात्र आधी कुठंतरी कामाला लाग: वाळूज, जालन्याच्या सळईच्या मिल, किंवा लातूरचीच एखादी डाळमिल. खरेदी, स्टोअर, डिस्पॅच, जे मिळेल ते. दोन वर्षं मालाची ने-आण आणि पैशाची ओढाताण बघितलेल्या मुलीला एमबीएत शिकवलेलं लागू पडतं, आणि कॉलेजंही अनुभवाला किंमत देतात. फीसाठी आप्पांनी जमीन गहाण टाकायची वेळ येत असेल तर त्या कॉलेजात जाऊ नकोस, नाव कितीही मोठं असो. जुलै २०२४ पासून राज्यात आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) हवा, खाजगी आणि अभिमत विद्यापीठं त्यात येत नाहीत. तू त्यात बसतेस का, हे कॉलेजच्या ऑफिसात कागदं घेऊन जाऊन विचार. फोनवर धड उत्तर मिळत नाही.

येत्या आठवड्यात आप्पांसोबत एक दिवस सौद्याला उभी राहा. मागं थांबू नकोस, गर्दीत आत जा, ढिगाऱ्यातली मूठभर सोयाबीन हातात घेऊन बघ, खरेदीदार तसंच करतात. रात्री जेवण झाल्यावर आप्पांना विचार, आज हाच भाव का निघाला? ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिही, आणि ते पान मला पाठव.

तुझी,
मॅडम